पश्चिम काठाची मोजणी

ब्रॅकनशॉ, ७ जानेवारी २०१८

क्लिफ,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलं असशील, तर निदान पहिलं पान वाच. चौतीस वर्षं लोकांची टपालं त्यांच्या दारात टाकत फिरलास. एखादं न वाचताच चुलीत जावं असं तुला कधी वाटलं नसेल. यालाही ती सवलत दे.

पत्ता तुझ्या जूडिथनं दिला, तोही दोनदा नाही म्हणून. "बाबा आता शांत आहेत, सिरिलकाका. तुम्ही लिहिलंत की त्यांची झोप जाईल," असं म्हणाली. मी म्हटलं, कामाचं लिहायचं आहे, बाकी काही नाही.

तर काम असं. पक्षीमंडळाला पुढच्या वर्षी शंभर वर्षं पूर्ण होतात. त्यानिमित्त एक जाडजूड पुस्तक निघणार आहे आणि आपल्या थॉर्नक्लफ तलावाचं प्रकरण माझ्याकडे आलं आहे. नोंदी सांभाळायला आता रोवेना टॅटरसॉल नावाची बाई आहे. तिशीची असेल, बोलणं कमी, काम चोख. तुला आवडली असती. ती स्वतः घरी आली, माझा चहा प्यायली आणि म्हणाली, "थॉर्नक्लफवर एकोणतीस हिवाळ्यांची सलग मोजणी आहे. अख्ख्या परगण्यात अशी दुसरी नाही. तुम्हाला कल्पना आहे का, मिस्टर ओल्डरॉइड, ही केवढी मोठी गोष्ट आहे?"

मला कल्पना आहे. तुलाही आहे. महिन्याचा तो ठरलेला रविवार, सप्टेंबर ते मार्च. धरणाच्या भिंतीपासून मी पश्चिम काठानं, तू पूर्व काठानं. वरच्या टोकाला लाकडी पुलावर भेट. भेटल्यावर आधी वह्यांची अदलाबदल, एकमेकांच्या पानावर सही, आणि मग तोंड उघडायचं. पेनानं लिहायचं, खोडायचं नाही. नियम तुझे होते. माझा फक्त आवाज होता.

काल मी दुर्बीण घेऊन भिंतीवर उभा राहिलो. शेंडी बदकं दिसली चाळीस. चाळीस, क्लिफ. आपल्या वेळी तीनशेच्या खाली आली की तू खिन्न व्हायचास. आज कुणी नवखा येऊन म्हणेल, वा, चाळीस बदकं. चाळीस म्हणजे भरभराट की सर्वनाश, हे त्याला कोण सांगणार? फक्त त्या एकोणतीस हिवाळ्यांच्या बेरजा सांगतील. एरवी प्रत्येक पिढी आपल्या डोळ्यांदेखत उरलेलंच पुरेसं मानते. मी आयुष्यभर मालकांशी भांडलो, संपात बसडेपोच्या फाटकावर अकरा आठवडे उभा राहिलो, पण त्या बेरजांइतका पक्का पुरावा कुठल्याही भांडणात माझ्या हातात नव्हता.

प्रकरणावर तुझंही नाव हवं. तेवढ्यासाठी लिहितो आहे. होकार कळव.

त्या डिसेंबरचा विषय मी काढत नाही. दोघंही तापलेलो होतो. तूही कमी हट्टी नाहीस.

सिरिल ओल्डरॉइड


ब्रॅकनशॉ, २१ जानेवारी

क्लिफ,

दोन आठवडे झाले. उत्तर नाही, आणि मला ते अपेक्षितच होतं.

आज मोजणीचा रविवार होता. तू मंडळ सोडलंस त्या वर्षापासून थॉर्नक्लफवर कुणी मोजत नाही. एका माणसाचं काम नाही आणि दुसरा मी शोधला नाही. तरी गेलो. वारा असा होता की भिंतीवर पाणी उडून कठड्याच्या अलीकडे पडत होतं. कुरव पक्षी वाऱ्यात एकाच जागी टांगल्यासारखे. तरंग बदकं गवतावर चरत होती, सगळ्यांची तोंडं वाऱ्याच्या दिशेला, डेपोतल्या रांगेसारखी. माझी टोपी पाण्यात गेली. माझ्या हिल्डानं विणलेली होती. असो.

बर्टी क्लेग त्याचा म्हातारा कुत्रा घेऊन आला होता. मला म्हणतो, "काय रे सिरिल, भाषण ऐकायला बदकं जमवतोयस का?" मी म्हटलं, तुझ्यापेक्षा तीच बरी ऐकतात. मग हसत हसत विचारतो, "क्लिफचा डायव्हर आला का परत?"

अकरा वर्षं झाली आणि हा माणूस अजून त्यावर हसतो आहे. तो विनोद मी केलेला आहे, क्लिफ. बर्टीला स्वतःचा एक विनोद सुचलेला मला आठवत नाही.

म्हणून आता ते काढतोच. तुला त्या दिवशी पांढऱ्या चोचीचा डायव्हर दिसला. ध्रुवाकडच्या समुद्रातला पक्षी, आपल्या डोंगराळ तलावावर कधी कुणी न पाहिलेला. तू तसं लिहून दिलंस: चोच हस्तिदंती, टोक वर वळलेलं, चार मिनिटं पाहिला, मग बुडी मारून पश्चिमेला गेला. मंडळाची समिती ते मान्य करायच्या बेतात होती. त्यांनी सभेत एवढंच विचारलं की पश्चिम काठावर सिरिल होता, त्याला काय दिसलं? मला उभं राहून एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. मी वीस मिनिटं बोललो. नोंदीचं पावित्र्य, माणसाच्या डोळ्यांवर त्याच्या इच्छेचा पगडा, एक खोटी नोंद हजार खऱ्या नोंदी कशी नासवते, सगळं बोललो. शेवटी म्हणालो, "माझ्या मित्रानं एक पाणकावळा पाहिला, आणि एक स्वप्न."

अख्खं सभागृह हसलं. तू टोपी उचललीस आणि गेलास.

ते स्वप्नाचं म्हणायला नको होतं. हे मी आज कबूल करतो. भाषेचा मोह होता. वाक्य तोंडाशी आलं की मला ते गिळता येत नाही, हे तुला कुणी सांगायला नको. पण मला जे दिसलं नाही ते दिसलं म्हणून मी कसं सांगणार होतो? इतक्या वाऱ्यात गाडीतून काय कपाळ दिसणार?

गाडीतून असं लिहून गेलो.

राहू दे. पेनानं लिहिलेलं खोडायचं नाही.

सिरिल


ब्रॅकनशॉ, ९ फेब्रुवारी

क्लिफ,

एकोणीस दिवस हे पत्र मी डोक्यात लिहितो आहे. माझं सगळ्यात चांगलं भाषण मी तीन मिनिटांत तयार केलं होतं.

१७ डिसेंबर २००६. मी पश्चिम काठानं चाललोच नाही.

धरणापाशी आपण वेगळे झालो. तू वळणाआड गेलास आणि मी गाडीत परत बसलो. काठालगतच्या रस्त्यानं गाडी वर नेली आणि पाईनच्या झाडांखालच्या मोकळ्या जागेत उभी केली. सव्वा तास बसलो. वाचत नव्हतो, काही खातही नव्हतो. काचांवर वाफ धरली, ती पुसली नाही. माझ्यापुढे पन्नास पावलांवर तलावाचं ते लहान वळण होतं, तुझा डायव्हर बुडी मारून जिथं आला ते. मान वर केली असती तर कदाचित दिसला असता. कदाचित नसता दिसला. मला माहीत नाही आणि आता कुणालाच कधी कळणार नाही.

मग मी वही काढली. नोव्हेंबरचं पान समोर ठेवलं. सोनडोळी बदकं चौदा होती, मी तेरा केली. शेंडी बदकं एकशे बाराची एकशे अठरा. चक्रांग बदकं थोडी वाढवली, थंडी वाढली की वाढतातच. खरं वाटावं म्हणून शेवटी एक टिबुकली घातली. एक. त्या टिबुकलीची मला आजही लाज वाटते. बाकी आकडे निदान आळसाचे होते, ती कारागिरी होती.

कारण विचारू नकोस. वारा होता, थंडी होती, मी ऐदी आहे, तुला हवं ते समज.

पुलावर तू धावत आलास. सदुसष्ट वर्षांचा माणूस, म्हणावं. टोपी हातात, टक्कल ओलं, आणि आपलाच नियम मोडून वह्या बदलण्याआधी बोललास. "तुझ्या बाजूला गेला तो, सिरिल. पाईनखाली. बघितलास ना? बघितलासच तू."

त्या क्षणी एकच वाक्य हवं होतं. क्लिफ, मी गाडीत बसलो होतो. एवढंच. हजार माणसांपुढे तासन् तास बोललेल्या माझ्या जिभेला ते एक वाक्य जमलं नाही. मी म्हणालो, "माझ्या बाजूचं एकूण एक पाखरू मोजलंय. तसलं काही नव्हतं." तू माझ्याकडे बघत राहिलास. मग माझी वही घेऊन सही केलीस. आणि नंतर सभेत मी तेच वाक्य सजवून मांडलं, कारण एकदा ते खोटं बोलल्यावर तुझा पक्षी खरा असणं मला परवडणार नव्हतं.

पाहा, मालकांना मी आयुष्यभर काय सांगत आलो? खोट्या आकड्यावर उभी केलेली गोष्ट माणसाच्या डोक्यावरच पडते. ती तुझ्या डोक्यावर पडली आणि मी बाजूला उभा राहून टाळ्या घेतल्या.

आता ठरवलं आहे. शनिवारी १७ तारखेला दुपारी मंडळाची वार्षिक सभा आहे, त्याच मेथडिस्ट चर्चच्या सभागृहात. मी उभा राहणार आणि सगळ्यांसमोर हे सांगणार. तुझं नाव जिथं घालवलं तिथंच परत मिळवणार. बर्टी क्लेगच्या तोंडावर. तुझ्या परवानगीची वाट मी बघत नाही. खरं बोलायला परवानगी लागत असती तर या देशात अजून बारा वर्षांची पोरं गिरणीत जात असती.

तू नको म्हणालास तरी मी बोलणार आहे. एवढं तरी तुझं देणं लागतो.

सिरिल


ब्रॅकनशॉ, १९ फेब्रुवारी

क्लिफ,

बोललो. काय झालं ते सांगतो, आणि शेवटी एक मागणं आहे. ते वाचल्याशिवाय पत्र खाली ठेवू नकोस.

एकेचाळीस माणसं होती. जिंजर केक होता, चहाचं भांडं गळत होतं. हिशेब, निवडणूक, पुस्तकाची प्रगती, हे सगळं संपलं आणि अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला काही? मी उठलो. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे देवा, खुर्च्या घट्ट धरा." हशा झाला. मी तो होऊ दिला.

मी काही लपवलं नाही. गाडी, वाफ, नोव्हेंबरचं पान, टिबुकली. तुझं नाव चारदा घेतलं, पूर्ण: क्लिफर्ड सगडन. म्हणालो की या सभागृहानं अकरा वर्षांपूर्वी एका खऱ्या माणसाला हसून बाहेर काढलं आणि एका खोट्याला टाळ्या दिल्या. म्हणालो की तेव्हा हसलेल्यांनी आज खाली बघावं. खरंच, काहींनी बघितलं. बर्टी क्लेगसुद्धा केकच्या बशीत बघत होता. मी खाली बसलो तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही, आणि क्लिफ, मला वाटलं, हेच बरोबर आहे. माझं हे पहिलं भाषण जे टाळीसाठी नव्हतं. मला हलकं वाटलं. हे लिहिताना किळस येते, पण वाटलं.

मग रोवेना टॅटरसॉलनं हात वर केला. "मिस्टर ओल्डरॉइड, एक विचारते. दोन काठांचे आकडे तुम्ही वेगवेगळे पाठवत होता की बेरीज करून?"

मी म्हटलं, बेरीज करून. फॉर्मवर एकच रकाना असायचा.

"एकोणतीस वर्षं?"

"हो."

तिनं पेन खाली ठेवलं. "हे असं किती वेळा झालं?"

"एकदाच."

"हे आम्हाला कसं कळणार?" ती म्हणाली. तिच्या आवाजात खोच नव्हती. ती खरंच विचारत होती, आणि उत्तर माझ्याजवळ असावं असं तिला वाटत होतं.

मी पुढ्यातली बशी उचलली आणि परत ठेवली. 

आज सकाळी तिचा फोन आला. काल समिती बसली होती. मोजणाऱ्यानं स्वतः सभेत सांगितलं की आकडे बनवले, तेव्हा त्याच्या कुठल्याच आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, असा नियम आहे. चांगला नियम आहे, मी समितीत असतो तर मीही तोच लावला असता. माझा काठ तुझ्या काठात मिसळलेला, वेगळा काढता येत नाही. म्हणून थॉर्नक्लफची सगळी मोजणी बाद. एकोणतीस हिवाळे, दर हिवाळ्यात सात रविवार. पुस्तकातून प्रकरण काढलं, दप्तरातून आकडे काढणार. मी विचारलं, आणि डायव्हर? ती म्हणाली, माझी हरकत आता धरत नाहीत. पण फोटो नाही, दुसरा साक्षीदार नाही, आणि ज्यानं पाहिला त्याची मोजणीच बाद ठरलेली. त्यामुळे ती नोंद आहे तशीच राहील. अमान्य.

मी म्हटलं, "बाई, तो माणूस कधी खोटं बोलला नाही."

ती म्हणाली, "मला मान्य आहे. पण हे तुम्ही सांगताय."

ती रडली असावी असं वाटलं. तिनं त्या बेरजांवर दोन वर्षं काम केलं होतं.

आता मागणं. माझ्या वह्या त्यांना नकोत, पण तुझ्या हव्यात. पूर्व काठाचे तुझे आकडे, तुझ्या अक्षरात, दर रविवारचे. ते पाठवलेस तर निदान अर्धा तलाव वाचतो. मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे: वह्या आल्या तर ती स्वतः समितीपुढे मांडेल आणि पूर्व काठ वेगळा नोंदवता येईल. अर्धा तलाव, क्लिफ. तीनशेतले दीडशे तरी कुठंतरी लिहिलेले राहतील. माझ्यासाठी नको. त्या बदकांसाठी पाठव. सगळ्या, रबरबँड लावून बुटाच्या खोक्यात ठेवायचास त्या.

हे मी आजच टाकतो आहे, म्हणजे उद्याच्या टपालानं निघेल.

सिरिल


ब्रॅकनशॉ, १८ मार्च

क्लिफ,

ते पत्र मी टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. १३ तारखेचं. जूडिथ म्हणाली, वाऱ्यामुळे तुमच्या ऑर्कनी बेटांवरून तीन दिवस बोट सुटली नव्हती. बोट वेळेवर सुटली असती तर ते शुक्रवारी माझ्या हातात असतं आणि सभा शनिवारी होती. आणि शुक्रवारी हातात पडलं असतं तर मी ऐकलं असतं का, हा प्रश्न मला कुणी विचारू नये. मी माझ्या पत्रात उत्तर देऊन ठेवलंच होतं.

तुझं पत्र मी इथं उतरवून काढतो. ते तुलाही परत वाचावं लागावं म्हणून नाही. माझ्याच अक्षरात ते एकदा लिहिलेलं असावं म्हणून.

"सिरिल, बोलू नकोस. मला तेव्हाच माहीत होतं. पूर्व काठावर चढ आहे तिथून तुझी गाडी दिसत होती, काचा पांढऱ्या झालेल्या. हिल्डाला जाऊन सात आठवडे झाले होते. म्हटलं, बसू दे त्याला. पुलावर मी जाणूनबुजून सही केली. एका दिवसाच्या अर्ध्या आकड्यापायी एकोणतीस हिवाळे घालवायचे नव्हते. सभेत तू गप्प बसला असतास तर मी डायव्हरही सोडून दिला असता. तू बोललास ते लागलं, आणि म्हणून मी गेलो. पण तिथं उठून मी तुझं सांगितलं असतं तर सगळं बाद झालं असतं, नियम तुला ठाऊक आहे. म्हणून टोपी घेतली. माझं नाव गेलं ते गेलं. आकडे राहिले ना. माझ्या वह्या इकडे येताना मी रद्दीत टाकल्या, घर लहान आहे. बेरजा मंडळाच्या दप्तरात आहेत, तिथं त्यांना काही होत नाही. फोन करणार होतो. पण तुझा आवाज ऐकला की मला तुझंच पटतं, म्हणून लिहितो आहे. तुला माझ्यासाठी काही करायचंच असेल तर गप्प बस. क्लिफ."

त्यानंतर तुझ्याकडून काही नाही. माझं १९ तारखेचं पत्र तुला मिळालं, हे जूडिथनं सांगितलं. वाचलंस, घडी घातलीस आणि समुद्राकडे फिरायला गेलास, असं म्हणाली. "आता नका लिहू, काका," असंही म्हणाली. हे शेवटचं.

हिल्डाचं मी तुला लिहिलं नव्हतं. तिच्या आड लपायचं नव्हतं. आणि तू ते पहिल्या दिवसापासून ओळखून होतास, आणि त्यावर सही करून बसला होतास.

आज मोजणीचा रविवार. मी गेलो, पूर्व काठानं. एकोणतीस वर्षांत मोजणीच्या दिवशी मी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं, आणि नंतरही धजावलो नाही. वारा समोरून होता. तुझा काठ कठीण आहे, क्लिफ. मला कधी म्हणाला नाहीस. माझ्याकडे डांबरी रस्ता, तुझ्याकडे चिखल, दगडी कुंपणं आणि तो चढ. चढावर उभा राहून मी पलीकडे बघितलं. पाईनखाली एक लाल गाडी उभी होती. आतला माणूस सँडविच खात होता, ते मला दिसलं. तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते.

मी मोजत गेलो. वही नव्हती, तोंडानं. शेंडी बदकं सदतीस. सोनडोळी दोन, नर आणि मादी. चांदवे अकरा. एक राखी बगळा, वाऱ्याला पाठ करून, खांद्यात मान घालून. एवढंच. तुझ्या बाजूला पूर्वी किती असायची ते मला माहीत नाही, कारण आपण बेरीज करायचो.

पुलावर एक तरुण जोडपं होतं, नवीन कोट, तिकाटण्यावर महागडी दुर्बीण. मंडळानं थॉर्नक्लफसाठी नवे मोजणारे नेमले आहेत, हे मला तिथं कळलं. त्या पोरीनं सगळे विचारतात तसं विचारलं, "काही आहे का?"

मी म्हटलं, फारसं नाही.

"नेहमी येता इकडे?"

मी म्हटलं, या काठानं पहिल्यांदाच. ते खरं होतं.

तिचा नवरा फोनवर आकडे भरत होता. सदतीस त्यालाही मिळाली. "छान आकडा आहे," तो म्हणाला, "सुरुवातीला सदतीस म्हणजे चांगलंच की." मी विचारलं, सुरुवात कसली? तेव्हा पोरीनं मला समजावून सांगितलं, म्हाताऱ्यांना सांगतात तसं, सावकाश आणि प्रेमानं. "आजपासून दर महिन्याला मोजणार आहोत आम्ही. याच्याआधी इथं कधी कुणी मोजलंच नाही ना."

वारा सुटला होता, तिचा स्कार्फ तोंडावर येत होता, ती हसत होती. मी काही बोललो नाही, क्लिफ.

सिरिल